यादी तुमची, गाणी कोणाची?

इंदूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. वय पन्नास, मराठी घर, तिसरी पिढी इंदुरात. त्यांची एकुलती एक मुलगी मे महिन्यात अठरा वर्षांची झाली. वाढदिवसासाठी त्यांनी दोन महिने खपून एक यादी केली. तिच्या आयुष्यातल्या दर वर्षासाठी एक अशी अठरा गाणी निवडली आणि प्रत्येक गाण्याबरोबर त्या त्या वर्षीचे फोटो लावले. गच्चीवर पडदा, तीसेक पाहुणे, सगळं जमवून आणलं. चौथं गाणं सुरू झालं आणि मुलगी उठून खाली खोलीत गेली. केक कापायला आली, सगळ्यांशी हसून बोलली. रात्री मात्र एवढंच म्हणाली, "बाबा, ती माझी गाणी नव्हती. तुमची होती."

तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे. जुलैअखेर ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार, आईवडील तिला गाडीनं सोडायला जाणार. वडील विचारतात: "तिला मी रोज वाढताना पाहिलं. तिच्या वाढण्याची गाणी मला माहीत नसतील तर कोणाला असतील? ही यादी पेनड्राइव्हवर घालून तिच्या बॅगेत ठेवू, की सोडून देऊ?" आणखी एक काळजी त्यांनी शेवटी दोन ओळींत लिहिली आहे. यादीतली सहा गाणी मराठी, पण मुलीच्या फोनवर एकही मराठी गाणं नाही; कोरियन मुलांच्या एका गटाची आहेत. "आमच्यानंतर मराठी संपलंच समजायचं का?" पत्रासोबत त्यांनी ती यादी वर्षवार, प्रत्येक गाण्यापुढे एकेक टीप लिहून पाठवली आहे.

नमस्कार.

यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसतं पत्र आलं असतं तर मीही "आजकालची मुलं" या वाटेनं चार समजुतीच्या गोष्टी लिहून मोकळी झाले असते. यादी हातात आल्यावर मी दुसरंच काम केलं. तुम्ही गाणी मुलीच्या वयाप्रमाणे लावली आहेत. मी ती गाण्यांच्या सालांप्रमाणे लावून पाहिली. पाठकोऱ्या कागदावर अठरा ओळी.

अठरांपैकी अकरा गाणी १९८८ ते १९९८ या दहा वर्षांतली निघाली. मुलीचा जन्म २००७चा. तुमचं वय आज पन्नास, म्हणजे त्या दहा वर्षांत तुम्ही तेरा ते तेवीस होतात. तीन नाट्यपदं आहेत, त्यांच्यापुढे तुमचीच टीप आहे, "आई स्वयंपाक करताना म्हणायची". म्हणजे ती तुमच्या आईची. तीन अलीकडची सिनेमातली, "गाडीत एफएमवर सतत लागायचं" अशी. मग उरतं एक. ते एकटंच गाणं असं आहे की ज्यात ती स्वतः होती, तिच्या शाळेत, तिच्या अंगावर पंख लावून. चौथं.

त्याच्यापुढची टीप तुमच्याच शब्दांत देते: "बालवाडीचं संमेलन. फुलपाखरू झाली होती. स्टेजवर भोकाड पसरलं, सगळा हॉल हसला! आमचं सर्वांत लाडकं गाणं." उद्गारचिन्हासकट.

हे पुन्हा एकदा वाचा. या वेळी तुम्ही चार वर्षांचे आहात, पाठीवर तारेचे पंख टोचताहेत, समोर अंधार आहे आणि त्या अंधारातून सगळे हसताहेत, असं समजून वाचा. तुमच्या घरात ही आठवण चौदा वर्षं लाडानं सांगितली जात असेल, पोहे खाताना, पाहुण्यांसमोर. तिनं कधी तक्रार केली नसेल, कारण लाडाच्या गोष्टीबद्दल तक्रार कशी करणार? आता अठराव्या वाढदिवसाला, कायद्यानं मोठी होण्याच्या दिवशी, तेच गाणं तीस माणसांसमोर पडद्यावर. हॉल पुन्हा हसला असणार. मला खात्री आहे, कारण तुम्ही पत्रात लिहिलंय, "सगळ्यांनी फार एन्जॉय केलं".

ती उठून गेली याचं मला आश्चर्य वाटत नाही. ती केक कापायला परत आली याचं वाटतं. मुलगी समजूतदार आहे तुमची.

त्या एका गोष्टीसाठी तिची साधी माफी मागा. "ते संमेलनाचं दाखवायला नको होतं, माझ्या लक्षात आलं नाही." एवढंच वाक्य, आणि पुढे "पण" नको. यादी, पेनड्राइव्ह, कोरियन, मराठी हे सगळं नंतरचं आहे.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येते. तिची गाणी मला माहीत नसतील तर कोणाला, असं तुम्ही विचारता. त्यामागे एक समजूत आहे, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. मूल घरात वाढलं म्हणजे त्याची गाणी घरात वाजलेली असणार, असं आपण धरून चालतो. सात-आठ वर्षांपर्यंत ते खरंही आहे. तान्ह्या बाळाला काय ऐकायचं ते निवडता येत नाही. आईनं गुणगुणलेली अंगाई, आजीची पदं, गाडीतला एफएम, जे कानावर पडेल ते त्याचं. मग शाळेची बस येते, मैत्रिणी येतात. दहा-बाराच्या सुमारास मूल पहिल्यांदा स्वतःहून एखादं गाणं शोधतं, पुन्हा पुन्हा लावतं, आणि बरेचदा ते गाणं घरात कोणालाच आवडत नाही. तिथून पुढची गाणी आईबापांना ऐकू येतीलच असं नाही. किंबहुना तेरा-चौदाव्या वर्षी गाण्याचं एक कामच असतं, घराच्या आत स्वतःची एक खोली बांधायची. जिथं वेगळी खोली नसते तिथं गाणं ते काम करतं.

तुमच्या यादीत २०२० सालापुढे लिहिलंय, "लॉकडाउन. रोज रात्री गच्चीवर अंताक्षरी. सोनेरी दिवस." ती तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी ऑनलाइन वर्गासाठी तिच्या हातात स्वतःचा फोन आला असेल, आणि घरात तुमचंही काम चालू म्हणून कानात इयरफोन. सकाळी आठपासून. तुमच्यासाठी ते वर्ष अंताक्षरीचं होतं. तिच्यासाठी ते कानात बोंडं घालून बसायचं पहिलं वर्ष असण्याची शक्यता जास्त. शाळा बंद, मैत्रिणी बंद, आवाज बाहेर जाऊ न देता हवं ते ऐकण्याची सोय मात्र उघडी. त्या वर्षाचं तिचं गाणं तुमच्यापासून चार फुटांवर वाजलं आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. यात तुमचा दोष नाही. पण म्हणून ते नव्हतंच असं नाही.

आता थोडं माझं सांगते, कारण आम्हीही काही वेगळे नव्हतो.

मी इंदूरचीच. रामबागेतला वाडा, खाली मालक, वर आम्ही. घरात एक रेडिओ, लाकडी पेटीचा. तो सुरू केला की आतले दिवे तापेपर्यंत थांबावं लागे. शनिवारी रात्री संगीत सभा लागायची तेव्हा तो वडिलांचा असे. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, तेव्हा तो माझा आणि भावाचा. पण एका अटीवर, आवाज इतका लहान की स्वयंपाकघरात ऐकू येता कामा नये. म्हणून आम्ही दोघं जाळीला कान लावून बसायचो. माझा डावा कान, त्याचा उजवा. १९७६ साली मी चौदा वर्षांची होते. कान गरम होईस्तोवर ऐकलेली ती गाणी माझी. वडिलांना कोणी विचारलं असतं की तुमच्या मुलीची गाणी कोणती, तर त्यांनी बिनदिक्कत शनिवारच्या सभेतल्या बंदिशी सांगितल्या असत्या. एकाच घरात राहत होतो आम्ही.

पुढे १९७९ला काकांनी टू-इन-वन आणला आणि मी रेडिओवरची गाणी कॅसेटवर भरायला लागले. प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबायची, आणि ती दाबायला नेहमी उशीर व्हायचा, म्हणून माझ्या सगळ्या गाण्यांचं पहिलं अक्षर गायब. शेवटी निवेदकाचं अर्धं वाक्य. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन टिकल्या तोडून टाकायच्या, आणि मग गाणं नावडतं झालं की त्याच भोकांवर सेलोटेप चिकटवून पुन्हा भरायचं. माझी एक साठ मिनिटांची कॅसेट अशी चारदा भरलेली आहे. लेबलावर सतराव्या, अठराव्या, एकोणिसाव्या वर्षाची अक्षरं एकमेकांवर खोडलेली. तिच्यात एके ठिकाणी, एका अतिशय हळव्या कडव्याच्या मध्यात, आईचा आवाज आहे: "अगं, कुकर उतरव, तीन झाल्या." ते गाणं आज कुठंही मिळतं, स्वच्छ, पहिल्या अक्षरासकट. मला ते नको असतं.

तुम्हीही अठरा वर्षांचे असताना जेल रोडवर जाऊन कोऱ्या कॅसेटवर यादीतली गाणी भरून घेतली असतीलच. यादी कागदावर द्यायची, दोन दिवसांनी घ्यायला जायचं, एका बाजूला सहा-सात गाणी बसायची आणि शेवटचं हमखास मधेच तुटायचं. ती यादी तुम्ही वडिलांना दाखवली होती का? आणि ती कॅसेट कोणासाठी होती, हे विचारत नाही.

त्या अकरा गाण्यांचं कारण साधं आहे. माणसाच्या आठवणींचा आलेख काढला तर साधारण दहा ते तीस या वयात एक उंचवटा येतो. त्या काळातल्या गोष्टी जास्त ठळक राहतात, आणि गाण्यांच्या बाबतीत तर पौगंडातली गाणी फारच चिकटून बसतात. तुम्ही "मुलीच्या आयुष्याची गाणी" शोधायला बसलात आणि हात आपोआप तुमच्या उंचवट्यावर गेला. तिच्या सातव्या वर्षापुढे तुम्ही १९९१चं गाणं लावलंय, कारण त्या वर्षी तुम्ही नवी गाडी घेतली आणि गाडीत ते लावलंत. गाडी चालवत कोण होतं?

तरीही तुमची अठरा गाणी वाया गेली असं मी म्हणणार नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुप्निक यांनी २०१३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण विशीतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी १९५५ ते २००९ या काळातली अमेरिकेत गाजलेली गाणी ऐकवली आणि कोणती ओळखीची वाटतात, कोणत्या गाण्यांशी आठवणी जोडलेल्या आहेत, ते विचारलं. अपेक्षेप्रमाणे मुलांच्या स्वतःच्या काळातली गाणी पुढे होतीच. पण आणखी एक उंचवटा सापडला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांभोवती, म्हणजे त्यांचे आईवडील विशीत होते तेव्हाच्या. आणि त्याच्याही मागे एक, साठच्या दशकातला, बहुधा आजीआजोबांकडून आलेला. मुलांनी ती गाणी मागितली नव्हती. ती घरात वाजत होती, एवढंच.

म्हणजे तुमची अकरा आणि तुमच्या आईची तीन, ही चौदा गाणी तिच्यात कुठंतरी जाऊन बसलेली आहेत. फक्त ती तिच्या वाढण्याच्या खुणा म्हणून बसलेली नाहीत. तुमच्या खुणा म्हणून बसली आहेत. "तुमची होती" असं ती म्हणाली, त्यात मला तरी तिरस्कार दिसला नाही. अचूक होतं ते.

माझे वडील इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त होते. १९७४ साली खाँसाहेब कोलकात्यात मोटार अपघातात गेले ती बातमी आली तेव्हा वडील कितीतरी वेळ जेवायच्या पाटावर नुसते बसून राहिले होते. मी बारा वर्षांची, मला एवढंच कळलं की आज काही मागायचं नाही. त्यांचं ते अतिविलंबित गाणं मला तेव्हा सहनच होत नसे. एक सम यायला किती वेळ! संगीत सभा लागली की मी दार लोटून घ्यायची आणि भिंतीतून ती ऐकू यायचीच. लग्न होऊन मुंबईला गेले. १९८८च्या पावसाळ्यात एकदा शेजारच्या खिडकीतून तो आवाज आला. मी भाजी चिरत होते. पुढची जागा कुठं येणार ते मला आधीच कळलं, आणि ती तिथंच आली. मी कधीही न ऐकलेलं गाणं मला पाठ होतं. त्या संध्याकाळी वडिलांना पत्र लिहिलं. त्यांनी मला शनिवारी कधी हाताला धरून बसवलं असतं, "हे तुझं गाणं आहे" म्हणाले असते, तर लिहिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

तुमच्यापासून तासाभरावर देवास आहे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गात, लोक तोंडात बोट घालत. मुंबईत देवधर मास्तरांकडे रीतसर शिकले. मग क्षय झाला, १९४८मध्ये हवापालटासाठी देवासला आले आणि काही वर्षं गाण्याला बंदी. पडल्या पडल्या त्यांनी ऐकली ती माळव्यातल्या बायकांची गाणी. उठल्यावर जे गायले ते कुठल्या तबकडीत नव्हतं. आजारपणाची आणि तुमच्या मुलीच्या बंद खोलीची तुलना जरा ताणलेली आहे, कबूल. पण मूल आपल्याकडून हुबेहूब घेतं तेव्हा आपण टाळ्या वाजवतो आणि ते गप्प पडून दुसरंच काही ऐकत असतं तेव्हा आपल्याला वाटतं ते हातचं गेलं. म्हणून कुमारजी आठवले.

आता मराठीचं. फोनवर एकही मराठी गाणं नाही म्हणून तुम्ही घाबरलात. इंदूरच्या मराठी पोराचं वाढणं कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगणार? अंगाई मराठीत, गल्लीतलं क्रिकेट हिंदीत, शाळेची प्रार्थना इंग्रजीत, गणपतीत आरत्या मराठीत आणि अनंत चतुर्दशीच्या झाक्यांपुढे, म्हणजे चित्ररथांपुढे, जे वाजेल ते. आमच्या लहानपणीही मराठी गाणं सहज हाती येत नसे. मुंबई केंद्र रात्र झाल्यावर लागायचं, मध्यम लहरी अंधारात लांब पोचतात म्हणून, तेही लाटेसारखं, एक कडवं स्पष्ट आणि दुसरं खरखरीत. माझी स्वतःची गाणी, जाळीला कान लावून ऐकलेली, सगळी हिंदी होती. वडिलांनाही हीच धास्ती होती. तरी हे सदर मी मराठीत लिहिते आहे.

ती आता पुण्याला चालली आहे. तिथं तिच्या "करून राहिली"ला मुली हसतील, दोन-चारदा ती कानकोंडी होईल, आणि मग एक दिवस कुठल्यातरी मैत्रिणीच्या घरी कोणाची तरी आजी स्वयंपाक करताना ते नाट्यपद म्हणेल. पुढची ओळ तुमच्या मुलीला येत असेल. ते होईल तेव्हा तुम्ही तिथं नसाल, आणि ते व्हायला तुमची तिथं गरजही नाही.

कोरियनबद्दल एक विचारते. तिच्या वहीत कुठं गोल-चौकोनी अक्षरं दिसली आहेत का? हंगुल लिपीत मूळ अक्षरं चोवीस, गाण्याच्या नादानं ती शिकलेल्या पुष्कळ मुली मला माहीत आहेत. आपल्या पिढीत गझलेपायी उर्दू शब्दांचे अर्थ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवणारे होतेच की. गाण्यासाठी जी एक लिपी शिकते तिचं भाषेशी वैर नसतं.

मग करायचं काय? तुमच्यापुढे तुम्ही दोनच रस्ते ठेवले आहेत, द्यायचं की सोडायचं. बॅगेत गुपचूप पेनड्राइव्ह ठेवणं मला मुळीच पसंत नाही. पहिल्या रात्री अनोळखी खोलीत ती बॅग उघडणार, आधीच घशाशी आलेलं असणार, आणि त्यात ज्या गोष्टीवरून दुरावा आला तीच हातात येणार. शिवाय तो लावायचा कशाला? तिच्या फोनला ते तोंड बहुधा बसणारही नाही. सोडून देणंही नको. तुम्ही दोन महिने खपलात, आणि ती गाणी खरोखर कोणाची तरी आहेत.

यादीचं नाव बदला. वर "मुलीची अठरा वर्षं" लिहिलंय ते खोडून "बाबांची गाणी" लिहा. चौथं काढून टाका. आईची तीन पदं वेगळी काढा आणि जमलं तर आईंच्याच आवाजात फोनवर भरून घ्या. त्या आहेत का, पत्रात उल्लेख नाही; असतील तर याच आठवड्यात बसवा त्यांना, भांड्यांचा आवाज मागे आला तरी येऊ द्या. आणि तुमच्या अकरांपुढे मुलीच्या टिपा खोडून स्वतःच्या लिहा. १९९१चं ते गाणं तुम्ही पहिल्यांदा कुठं ऐकलंत, कोणाबरोबर, खिशात किती पैसे होते. हे ती मागेल तेव्हा द्या. दिवाळीला मागेल, किंवा पाच वर्षांनी. माझ्या अंदाजानं मागेल, पण तारीख माझ्याकडे नाही.

तिची यादी मागू नका. "तूच सांग मग तुझी अठरा गाणी" असं म्हणावंसं वाटेल, ते गोड वाटलं तरी ती झडतीच आहे. त्यातली काही गाणी कोणामुळे तरी लागली असतील, काही कोणामुळे तरी बंद झाली असतील. तो हिशेब तिचा.

त्याऐवजी तुमच्याकडे सुमारे सहाशे किलोमीटरचा रस्ता आहे. इंदूर ते पुणे, थांबत-जेवत पूर्ण दिवस. निघण्याआधी एवढंच ठरवा की गाडीतलं गाणं पाळीनं. एक तास तिचा, एक तास तिच्या आईचा (आईला यात अजून कोणी विचारलेलंच नाही, लक्षात आलं का?), एक तास तुमचा, आणि एक तास काहीच नाही. चालवणाऱ्याला जास्तीचा हक्क नाही. तिच्या तासात तुमचं काम फक्त ऐकायचं. पहिल्याच गाण्याला "याचा अर्थ काय?" विचारू नका. "ही चाल आपल्या अमक्यावरून उचललेली दिसते" हे तर जीभ चावून गिळा; मला माहीत आहे तुम्हाला ते सुचणार, कारण मलाही सुचतं. फोन आला म्हणून तिचं गाणं मधेच बारीक करू नका; गाडी बाजूला घ्या आणि बाहेर उतरून बोला. सेंधव्याच्या घाटात नेटवर्क जाईल तेव्हा तिच्या फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेली गाणी वाजतील. ती नीट ऐका. नेटवर्क नसताना लागतील म्हणून जी जपून ठेवलेली असतात ती माणसाची खरी. एखादं आवडलं तर नाव विचारा आणि खरंच परत लावायला सांगा. आवडलं नाही तर तसंही म्हणायला हरकत नाही, पण तापी ओलांडेपर्यंत थांबा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. ग्वाल्हेरच्या एका आजींनी मागे विचारलं होतं, तेरा वर्षांचा नातू गोड गायचा तो एकाएकी गप्प झाला, क्लासही सोडतो म्हणतो. आवाज फुटायचं वय आहे ते. वरच्या पट्टीत रोज गाणारा मुलगा एक दिवस तोंड उघडतो आणि भलताच सूर बाहेर येतो. चारचौघांत तर नकोच वाटतं. वर्षभर मंचावर ढकलू नका, खालच्या पट्टीत गुणगुणू द्या, तबला-पेटी वाजवायला द्या. पाच-सहा वर्षांची मुलं एकच गाणं दिवसात वीसदा लावतात त्यांच्या आईबापांना माझी सहानुभूती आहे, सल्ला नाही. आणि ज्यांच्या घरी चौदा-पंधराचं दार बंद आहे त्यांनी दार वाजवून आत जावं, काय लागलंय ते ऐकू आलं तरी ऐकू न आल्यासारखं करावं, आणि दूध ठेवून बाहेर यावं.

राहता राहिली भेट. पुण्याला जाताना काही द्यायचंच असेल तर पेनड्राइव्हचे पैसे वाचवून, त्यात भर घालून, कान पूर्ण झाकणारा एक बरा हेडफोन घेऊन द्या. वसतिगृहात बाहेरचा गोंगाट असतो, तो दाबायला मुली कानातल्या बोंडांचा आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तासच सोसतो, आणि आवाज जितका वाढतो तितके ते तास झपाट्यानं कमी होतात. बाहेरचं कमी ऐकू आलं की आतलं वाढवावं लागत नाही. दुकानात तिलाच घेऊन जा, तिच्या फोनवरचं तिचं गाणं लावून पारखू दे. तुम्ही काउंटरशी उभे राहा आणि बिल द्या. काय लावलं होतं ते विचारू नका.